अकरा गाड्या आणि एक टोचन

एका महिन्यात बारा गाड्या उभ्या करतो, असं मी चारचौघांत बोलून बसलो. चौघंच होते. त्या खोलीत पाचवा मावत नाही.

खोली म्हणजे चष्म्याच्या दुकानाची मागची. पुढे चष्मे, मागे युद्ध. दर रविवारी दुकान बंद असतं तेव्हा तिथे सहा बाय चारच्या टेबलावर आम्ही लढतो. हिरव्या कापडाचं मैदान, थर्माकोलच्या टेकड्या, निळ्या पट्टीची नदी, त्यावर एक पूल. काडेपेटीएवढे रणगाडे, तेवढेच ट्रक. फासे टाकायचे, फुटपट्टीनं मोजायचं, तेवढी गाडी पुढे. लोक म्हणतात खेळण्यातल्या गाड्या. लोक काय, म्हणतातच.

दुकान चष्मेवाल्यांचं, टेबल त्यांचं, नियमही त्यांचेच. साठीचा माणूस, आवाज कधी चढत नाही. नियम टाइप करून डोळे तपासायच्या तक्त्याशेजारी लावलेत. त्यातला तिसरा असा: नवीन माणसाला एक वर्षापर्यंत उसन्या गाड्यांवर खेळता येईल. वर्ष संपलं की स्वतःच्या बारा गाड्या आणाव्यात. स्वतःच्या हातानं जोडलेल्या, स्वतःच्या हातानं रंगवलेल्या. नाहीतर खुर्ची रांगेतल्या पुढच्या माणसाला.

रांगेत एकच माणूस होता. दातांचे डॉक्टर. आठ महिने दर रविवारी दारात उभे राहून आमचा खेळ बघायचे. घरी चाळीस गाड्या तयार. दाढेच्या आत काम करणाऱ्या माणसाचा हात, मी काय सांगू.

आता खुर्चीत एवढं काय, ते एकदाच सांगतो. मी एका कुरिअरच्या ऑफिसात पत्ते टाइप करतो. आठवडाभर मला कोणी काही विचारत नाही. "फोन नंबर टाकलास का?" एवढंच. रविवारी मात्र चष्मेवाले, बँकेतले कॅशियर आणि गणिताचे सर, अशी तीन मोठी माणसं माझ्याकडे बघत थांबतात आणि विचारतात, "मग, डावीकडून येताय का?" अहोजाहो करून. माझी डावी बाजू काय करणार आहे याची कोणालातरी काळजी असते. मला ती खुर्ची हवी होती. यात हसण्यासारखं काही नाही.

तर खोकं आलं. आठ रणगाडे, चार ट्रक. गाड्या म्हणजे गाड्या नाहीत, प्लास्टिकच्या जाळीत अडकलेले तीनशे चाळीस तुकडे. आईनं एक तुकडा उचलून उजेडात धरला.

"हे काय आहे?"

"दरवाजा."

"आणि यातून जाणार कोण?"

बाबा खिडकीत बसले होते. बाबा बसडेपोत होते, एकतीस वर्षं टोचनगाडीवर. म्हणजे बस वाटेत बंद पडली की साखळी लावून ओढत आणणारी ती क्रेनची गाडी असते ना, ती. दीड वर्षापूर्वी रिटायर झाले आणि तेव्हापासून खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकतात. मध्येच म्हणतात, "ह्याचा क्लच चाललाय." कोणाला उद्देशून नाही. गाडी निघून गेलेली असते.

खोकं बघून ते म्हणाले, "वय किती तुझं?"

"सत्तावीस."

"बरं."

आणि परत रस्त्याकडे. त्या 'बरं'चं उत्तर मी पंधरा दिवस शोधत होतो.

जोडणीबद्दल फार बोलत नाही. सूचनांच्या कागदावर अक्षर नाही, नुसती चित्रं आणि बाण. पहिल्या रणगाड्याचं तोफेचं डोकं मी उलटं चिकटवलं. फिरायला हवं होतं, ते फिरेना. म्हणजे माझ्या सैन्यात एक रणगाडा असा झाला जो पुढे जातो आणि मागच्यांवर तोफ रोखतो. दुसऱ्याच्या वेळी एक चाक अंगठ्याला चिकटलं. ओढलं तर कातडी यायला लागली, म्हणून तसंच ऑफिसला गेलो. साहेबांनी बघितलं.

"हे काय?"

"चाक."

"बरं."

माझ्या आयुष्यात लोक 'बरं' फार म्हणतात.

पण तिसऱ्या आठवड्यात बाराच्या बारा उभ्या राहिल्या. ओळीनं लावल्या. एक जरा तिरकी, एकीचा पट्टा सैल, पण बारा. आता रंग. रंगाआधी प्रायमर मारावा लागतो, स्प्रेच्या डब्यातनं, नाहीतर रंग धरत नाही. हे सगळं मी व्हिडिओ बघून शिकलो. व्हिडिओतला माणूस बंद गॅरेजात होता. गॅरेजात वारा नसतो, हे त्यानं सांगितलं नाही आणि माझ्याही डोक्यात आलं नाही.

मी गच्चीवर गेलो. गच्चीवर समोरच्या काकूंच्या सहा पांढऱ्या चादरी वाळत होत्या. चादरी मला दिसल्या होत्या, हे मी नाकारत नाही. मी वाऱ्याचा विचारही केला. बोट ओलं करून वर धरलं, आणि वारा चादरींकडून माझ्याकडे येतोय असं माझ्या बोटाचं मत पडलं.

काकू वर आल्या तेव्हा चादरींवर राखाडी शिंतोडे होते. सहाही.

"हे काय रे? राख उडाली का कुठून?"

मी खोटं बोलत नाही. जमतच नाही. "प्रायमर आहे, काकू."

"म्हणजे?"

"रंगाच्या आधीचा रंग."

"अस्सं. मग पुढचा रंग कधी देतोयस माझ्या चादरींना?"

संध्याकाळी जिन्याखालच्या फळ्यावर नोटीस लागली. नाव नव्हतं. 'काही रहिवासी गच्चीवर वाहने रंगवीत असल्याचे समितीच्या निदर्शनास आले आहे.' वाचून तिसऱ्या मजल्यावरच्या मुली गच्चीवर गाडी बघायला गेल्या. गाडी वर नेली कशी, यावर दोन दिवस जिन्यात चर्चा चालली होती. क्रेन लावली असेल असं बहुमत झालं, आणि लोक बाबांकडे बघायला लागले.

मला सेक्रेटरींनी बोलावलं. सेक्रेटरींच्या घरात एक खोली आहे, तिथे फक्त फायली राहतात. त्यांनी नियमांची वही उघडली.

"चौदा नंबर. आवारात वाहनांची दुरुस्ती, धुणे व रंगकाम करण्यास सक्त मनाई."

मी खिशातून रणगाडा काढून त्यांच्यासमोर ठेवला. "साहेब, हे वाहन."

त्यांनी वाकून बघितलं. "चाकं आहेत?"

"आहेत, पण…"

"फिरतात?"

"पट्ट्याच्या आत आहेत. पण केवढी आहे बघा ना!"

"नियमात लांबी दिलेली नाही." त्यांनी पेनाच्या टोकानं रणगाडा थोडा ढकलला. सरकला. "अशा किती?"

"बारा."

"बारा? अहो, एका घराला एक पार्किंग आहे!"

मग फॉर्म. मालकाचं नाव, वाहनाचा प्रकार, संख्या, रंग. रंगापुढे मी 'अजून द्यायचा आहे' असं लिहिलं. तो अपूर्ण म्हणून परत आला. पूर्ण फॉर्मशिवाय रंगवायची परवानगी नाही, आणि रंगवल्याशिवाय फॉर्म पूर्ण होत नाही. आम्ही दोघं त्या कागदाकडे बराच वेळ बघत बसलो. शेवटी सेक्रेटरींनाच माझी दया आली असावी.

"घराच्या आत काय करता ते समिती बघत नाही," ते खिडकीकडे बघत म्हणाले.

म्हणून मी गाड्या स्वयंपाकघरात आणल्या. आईनं भांडी एका बाजूला ओढली, जरा जोरात.

पहिला एक ट्रक घेतला, हात बसावा म्हणून. घरात खिडकीच्या गजांना लावून उरलेला ऑइलपेंट होता. हिरवा. रंग तो रंग, असं मला वाटलं. लावला. वाळल्यावर ट्रक साबणाच्या वडीसारखा दिसायला लागला. दारं, खिडक्या, बोल्ट, सगळं हिरव्याच्या पोटात गडप. बाकीच्या अकरांना मग मी शहाण्यासारखा पाण्याचा पातळ रंग आणला. पण ट्रकचं काय?

त्याच दिवशी काकू आल्या. चादरींचं काय झालं ते सांगायला. डाग गेले नव्हते. ते सांगून झाल्यावर त्यांनी ट्रक बघितला.

"रंगच काढायचाय ना? मग त्यात काय! नखांचा रंग काढायचं पाणी असतं की नाही? त्यात बुडव. लख्ख निघेल."

बाटलीही त्यांनीच आणून दिली. काकूंनी सूड उगवला असं आई म्हणते. मी म्हणत नाही. काकूंनी मनापासून सांगितलं होतं. सल्ला देणारा माणूस नेहमी मनापासूनच देतो, त्रास त्याचाच असतो.

वाटीत ते पाणी ओतलं, ट्रक ठेवला आणि चहा प्यायला बाहेर गेलो. परत आलो तर रंग निघाला होता. रंगाबरोबर ट्रकचं तोंडही. ड्रायव्हरची केबिन मेणासारखी वितळून वाटीच्या तळाशी बसली होती. मी चमच्यानं काढायला गेलो तर चमच्याला तार आली.

गुरुवार होता. रविवारी माझं वर्ष संपत होतं. नवीन खोकं मागवलं तर तीन आठवडे. कुरिअरच्या ऑफिसात काम करतो, मला कोण फसवणार?

मी ट्रक वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकला. आईनं वाटीही टाकली. उरलेल्या अकरा रंगवल्या, कारण हात थांबवला की रविवार आठवायचा. लांबून बऱ्या दिसत होत्या. आणखी लांबून चांगल्या.

शनिवारी अर्धा दिवस असतो. दुपारी घरी आलो तर खिडकीतली खुर्ची रिकामी. बाबा स्वयंपाकघरात. नाकावर स्वतःचा चष्मा, त्यावर आईचा चष्मा. समोर माझे रंग, आणि वर्तमानपत्रावर माझा ट्रक.

त्याला नवीन तोंड आलं होतं. काडेपेटीच्या पुठ्ठ्याची केबिन, अगदी चौकोनी. पाठीवर आईच्या केसांच्या पिनेची क्रेन. टोकाला सेफ्टी पिन वळवून केलेला हूक, आणि काळ्या दोऱ्याला गाठी मारून साखळी. बाबा आगकाडी तासून तिच्या टोकानं इंजिनाखाली काळा ठिपका देत होते. श्वास धरून.

"बाबा…"

"थांब."

ठिपका झाला. त्यांनी श्वास सोडला.

"टाकून दिली होतीस," ते म्हणाले.

"वितळली होती ना."

"तोंड गेलं होतं. चेसिसला काय धाड भरली होती? एकतीस वर्षांत मी एक गाडी रस्त्यात सोडून आलो नाही. तू वाटीत सोडून चहा प्यायला गेलास."

त्यांनी गाडी ओळीत नेऊन लावली. माझ्या अकरांच्या शेवटी. "झाल्या बारा."

मी त्यांना तिसरा नियम सांगितला. स्वतःच्या हातानं जोडलेल्या, स्वतःच्या हातानं रंगवलेल्या.

"कोण विचारतंय?" बाबा म्हणाले. "तुझीच म्हणून सांग."

रविवारी ते बरोबर आले. मी बोलावलं नव्हतं. "वळणावर तू खोकं नीट धरायचा नाहीस," म्हणाले आणि बसमध्ये पूर्ण वेळ खोकं मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले. उतरताना ड्रायव्हरला सांगितलं की मागचा डावा ब्रेक घासतोय. ड्रायव्हर म्हणाला, माहितीय.

मागच्या खोलीत तिघं बसले होते. चौथी खुर्ची माझी. दारात डॉक्टर, हातात त्यांचं खोकं. बाबा भिंतीला टेकून उभे राहिले. चष्मेवाल्यांनी घड्याळजी लावतात तसलं भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक गाडी उचलायला लागले. दवाखान्यात रिपोर्ट वाचताना असते तशी शांतता.

"हा मागे बघतोय."

"हो."

"मुद्दाम?"

"…नाही."

त्यांनी तो ठेवला. पास. गाडी सुंदर असावी असं नियमात नाही, आपल्या हातची असावी एवढंच आहे. दुसरा पास. तिरका ट्रक, पास. सैल पट्ट्याचा त्यांनी दोनदा बघितला, पण पास. अकरा झाल्या.

बारावी त्यांनी उचलली आणि खाली ठेवलीच नाही.

"इंजिनाखाली तेल गळलंय."

"हो."

"क्रेनच्या टोकाचा रंग उडालाय. तोही सगळीकडचा नाही. साखळी जिथे घासेल तिथलाच." भिंग डोळ्यावरून काढून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "या टेबलावर इतकी वर्षं गाड्या येताहेत. अशी नाही आली. हे कुठे बघितलंत तुम्ही?"

वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. 'असंच, सुचलं.' दोन शब्द. डॉक्टर दारातून आत झुकले होते. मी बाबांकडे बघितलं. ते डोळे तपासायचा तक्ता वाचत होते, अगदी खालची बारीक ओळ. मान ताठ. कान मात्र इकडे.

एकतीस वर्षं या माणसानं बंद गाड्या ओढून आणल्या. बस बंद पडली की लोक उतरून दुसऱ्या बसनं जातात. ओढायला कोण आलं ते बघायला कोणी थांबत नाही. आज पहिल्यांदा कोणीतरी भिंग लावून त्यांचं काम बघत होतं. आणि ते कौतुक मी म्हटलं असतं तर माझ्या खिशात आलं असतं, खुर्चीसकट.

"मी नाही बघितलं," मी म्हणालो. "त्यांनी बघितलंय. गाडी त्यांनी केलीय."

बाबांनी तक्त्यावरची नजर काढली नाही.

"म्हणजे अकरा," चष्मेवाले म्हणाले.

"अकरा."

मी उठलो. डॉक्टर "सॉरी हं" म्हणत बसले. खुर्ची अजून गरम होती, ते त्यांना जाणवलं असणार, कारण ते जरा पुढे सरकून बसले. मी बाबांशेजारी भिंतीला टेकलो.

खेळ सुरू झाला. तिसऱ्याच फेरीत डॉक्टरांच्या फाशावर एक पडला. आमच्याकडे एक पडला की गाडी बंद, टेबलावरून उचलायची. डॉक्टरांनी उचलली. काय रणगाडा होता, नखाएवढा कंदीलसुद्धा रंगवलेला.

"का उचलली?" भिंतीकडून आवाज आला.

डॉक्टर वळले. "बंद पडली."

"मग? बंद पडली म्हणून उचलून फेकतात का? ओढून आणायची."

"तसा नियम नाही, काका," कॅशियर म्हणाले.

"मग नियम चुकलाय."

त्या खोलीत हे वाक्य कधी कोणी उच्चारलं नव्हतं. गणिताच्या सरांच्या हातातला फासा खाली पडला. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग उठून स्वतःचेच नियम वाचायला गेले. बराच वेळ वाचले.

"गाडी तुमच्या हातची?" त्यांनी बाबांना विचारलं.

"हो."

"उतरवा मग."

डॉक्टरांनी रणगाडा होता तिथे परत ठेवला, आणि बाबांनी टोचनगाडी मैदानाच्या कोपऱ्यात ठेवली. नदी अडवी होती. सर म्हणाले, सरळ जा, पाणी उथळ धरलंय. बाबा म्हणाले, "उथळ कोणी मोजलंय? मी पुलावरून जाईन." फासे टाकत, फुटपट्टीनं मोजत, चार फेऱ्यांत डॉक्टरांचा रणगाडा ओढून कोपऱ्यात आणला. लगेच परत निघाले.

"काका, तिकडे कुठे? ती शत्रूची आहे."

"बंद आहे ना?"

कॅशियरनी फुटपट्टी बाबांकडे सरकवली. दुपार उतरेपर्यंत बाबांच्या कोपऱ्यात सगळ्यांच्या मिळून तेरा गाड्या रांगेत उभ्या होत्या, बंपरला बंपर. एकही गाडी टेबलावरून गेली नव्हती. लढाईत कोणाचं लक्ष उरलं नव्हतं. पुढची कोणती बंद पडते आणि पोचतात की नाही, हेच सगळे बघत होते.

"मग जिंकलं कोण?" डॉक्टरांनी विचारलं. ते नवीन होते.

निघताना चष्मेवाल्यांनी फुटपट्टी घेतली आणि कपाट ते भिंत अंतर मोजलं. मला म्हणाले, "खुर्ची नाही बसणार. स्टूल बसेल. बारावी तुमच्या हातची झाली की या." मग बाबांना म्हणाले, "तुम्ही मात्र पुढच्या रविवारी याच." बाबा उभ्यानंच खेळतात आता. बसून गाडी ओढता येत नाही म्हणतात.

काल नवीन खोकं आलं. एकच ट्रक. आज स्वयंपाकघरात मी तो जोडायला बसलो, तर बाबा समोर येऊन बसले.

"मी काही करणार नाही," म्हणाले. "तुझ्याच हातचा पाहिजे. मी नुसता बघतोय."

आणि दोन्ही हात त्यांनी स्वतःच्या मांड्यांखाली घातले. खरंच. हातावर बसले. मी मागचा ॲक्सल उचलला, गोंद लावला, चेसिसला टेकवला. बाबांची कोपरं हळूहळू वर यायला लागली, दोन्ही बाजूंनी, आतून कोणीतरी ढकलत असल्यासारखी.

मी ॲक्सल काढला. उलटा केला. परत टेकवला.

कोपरं खाली गेली.